जपानी-कोरियन-चिनी शिकताना मराठीला वर्गाबाहेर का बसवायचं?

अर्धस्वर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. जपानीत बी.ए. झालं, आता पुण्यातच भाषाविज्ञानात एम.ए. चाललंय, शेवटचं सत्र. मधल्या काळात कोरियन बऱ्यापैकी जमायला लागली, चिनी कामचलाऊ. नातेवाइकांत माझी ओळख 'ती चिनी-जपानी शिकणारी' अशी आहे आणि त्यापुढचं वाक्यही ठरलेलं आहे: 'बापरे, जगातल्या सगळ्यात अवघड भाषा!'

हे 'सगळ्यात अवघड' येतं कुठून? अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था आहे. मुत्सद्द्यांना भाषा शिकवायला किती वेळ लागतो यावरून तिने भाषांचे गट पाडलेत. फ्रेंच, स्पॅनिश सोप्या गटात. जपानी, कोरियन, मँडरिन आणि कँटोनीज (या दोन्ही चिनी) आणि अरबी शेवटच्या गटात, वर्गातले सुमारे २,२०० तास. ही यादी यूट्यूबवर आणि क्लासच्या जाहिरातींत सारखी फिरते, फक्त तिची मुख्य अट गाळून. हे तास इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी मोजलेले आहेत. मिरजेत वाढलेल्या मुलीने ते अंगावर घ्यायचं कारण नाही.

मला सांगायचंय ते एवढंच की आपण या भाषा इंग्रजीच्या वळशाने शिकतो आणि मग दमतो.

जपानी क्रियापदाचं 'ते' रूप घ्या. त्याच्यापुढे दुसरं क्रियापद येऊन बसतं. इंग्रजी पुस्तक अशा प्रत्येक जोडीसाठी वेगळा नियम देतं: ही 'प्रयत्न करण्यासाठी', ही 'पूर्वतयारीसाठी', ही 'प्रात्यक्षिकासाठी'. वर्गात तक्ते पाठ चाललेले असतात. आता मराठीतून बघा. ताबेते मिरु, खाऊन बघणं. काइते ओकु, लिहून ठेवणं. यात्ते मिसेरु, करून दाखवणं. मोत्ते कुरु, घेऊन येणं. मोत्ते इकु, घेऊन जाणं. शब्दाला शब्द. यात पाठ करण्यासारखं आहे तरी काय?

सगळ्यात छळणारं प्रकरण म्हणजे 'ते मोराउ'. मोराउ म्हणजे मिळणं, घेणं. 'इशा नि मिते मोरात्ता' या वाक्याचं इंग्रजी स्पष्टीकरण साधारण असं: वक्त्याने डॉक्टरांकडून बघण्याच्या कृतीचा लाभ प्राप्त केला. त्यावर उपकार, कृतज्ञता, जपानी समाजातलं ऋणाचं ओझं वगैरे चौकट. अहो, 'डॉक्टरांकडून तपासून घेतलं'! रोज बोलतो आपण हे. शिवाय 'कडून'च्या जागी 'नि' प्रत्ययही नामाच्या मागेच लागतो.

नामाच्या आधी येणारी आख्खी वाक्यं हा दुसरा बागुलबुवा. 'किनो कात्ता होन' म्हणजे काल घेतलेलं पुस्तक. इंग्रजीवाल्याला वाक्य उलटं फिरवावं लागतं, आपल्याला '-लेलं' लावलं की झालं. अजून गंमत म्हणजे 'साकाना ओ याकु निओइ', मासे भाजायचा वास. वास काही भाजण्याचा कर्ता नाही की कर्म नाही, तरी तो त्या वाक्याला बिनदिक्कत लटकतो. इंग्रजीत हे असं लटकवता येत नाही म्हणून भाषावैज्ञानिकांनी त्यावर ढीगभर लिहिलंय. मराठीत आपण 'दार वाजल्याचा आवाज' म्हणतो आणि पुढे जातो.

आणि चहा. जपानी यजमान चहा करून आणतो तेव्हा 'मी चहा केला' म्हणत नाही. 'ओचा गा हाइरिमाश्ता' म्हणतो, म्हणजे चहा झाला. लग्नाची बातमी देताना 'आम्ही लग्न करतोय'पेक्षा 'केक्कोन सुरु कोतो नि नारिमाश्ता', लग्न करायचं ठरलंय. कोणी ठरवलं ते विचारू नका, ठरलं! इकेगामी योशिहिको या भाषावैज्ञानिकांनी १९८१ मध्ये यावरून 'करणाऱ्या' आणि 'होणाऱ्या' भाषा असा फरक मांडला. आपल्याकडे फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं अशा जोड्या आहेत, तशाच जपानीतही शेकड्याने. काच 'फुटली' आणि फोडणारा गायब, ही सोय दोन्ही भाषांत आहे.

कोरियनमध्ये तर अजून जवळचं. खाऊन टाकणं हे तिथे 'मॉगॉ बॉरिदा', आणि बॉरिदा म्हणजे खरोखरच टाकणं, फेकणं. 'खाऊन बघ' हे 'मॉगॉ ब्वा'. शिव्या खातात त्याही तिथे: 'योगुल मॉक्ता'. वयसुद्धा खातात.

मराठी आणि जपानी बहिणी आहेत असा दावा मी करत नाहीये (ते व्हॉट्सॲपवर सोडून देऊ). कॉलिन मासिका या अमेरिकन अभ्यासकाने १९७६ मध्ये दक्षिण आशियाई भाषांतली समान लक्षणं नकाशावर मांडली: क्रियापद शेवटी, '-ऊन' सारखी रूपं, 'करून टाक' सारख्या जोड्या, प्रयोजक क्रियापदं, 'मला आवडतं' सारखे 'ला'वाले कर्ते. ही लक्षणं हिमालयापाशी थांबत नाहीत. मध्य आशियातून थेट कोरिया-जपानपर्यंत जातात. पलीकडे चीनमध्ये आणि आग्नेय आशियात मात्र विरतात. म्हणजे रक्ताचं नातं नाही, पण रचना एका वळणाची. प्रशांत परदेशी या मराठी भाषावैज्ञानिकांनी जपानमध्ये राहून जपानी-मराठी तुलनेवर बरंच काम केलंय. ते काम आहे, पण आपल्या वर्गात त्याची सावलीसुद्धा पडत नाही.

इथे या भाषा शिकलेले, शिकवणारे बरेच असतील. तुमच्या वर्गात मातृभाषेचं काय स्थान होतं? आणि ती कुठे दगा देते?

सांगलीची_काकू

मिरजेची म्हणजे आमचीच की गं! छान लिहिलंयस. माझी नात दिवसरात्र कोरियन मालिका बघते, तिच्याबरोबर मीही बसते. मला भाषा कळत नाही पण नाती कळतात. ते लोक बापाच्या बहिणीला 'गोमो' आणि आईच्या बहिणीला 'इमो' म्हणतात, म्हणजे आत्या आणि मावशीच ना? इंग्रजीत सगळ्या आंट्या एका पोत्यात. आणि खाणावळीत वाढणाऱ्या बाईला 'इमो' म्हणून हाक मारतात ते बघून तर मी टीव्हीलाच म्हटलं, अगदी आमच्यासारखे आहात रे.

अर्धस्वर

काकू, पैकीच्या पैकी मार्क! बाईला तिच्या नावाऐवजी मुलाच्या नावाने हाक मारणं पण ऐका पुढच्या वेळी: 'जिसू ऑम्मा', जिसूची आई. आपल्या वाड्यांत दुसरं काय होतं.

ओसाकाकर

लेख आवडला, पण जरा थंड पाणी ओततो. मी बरीच वर्षं इथे कारखान्यात आणि आता कार्यालयात आहे. व्याकरण मराठी माणसाला सोपं जातं हे शंभर टक्के मान्य. सहा महिन्यांत तोंड उघडता येतं. पण नंतर भिंत येते ती कांजीची, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांची. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत २,१३६ चिन्हं आहेत आणि बहुतेकांचे किमान दोन उच्चार, एक चिनी वळणाचा, एक अस्सल जपानी. त्या भिंतीशी तुमची मराठी काहीच कामाची नाही. तिथे चिनी पोरं येतात आणि वर्तमानपत्र पहिल्या आठवड्यात निम्मं 'बघून' समजतात, बोलता येत नसताना.

दगा कुठे देते तेही सांगतो. आदरार्थी बोलणं. आपण बाहेरच्या माणसाला सांगताना 'आमचे साहेब बाहेर गेलेत' म्हणतो. साहेब आपलेच, तरी 'गेलेत'. जपानीत बाहेरच्यासमोर आपला साहेब हा 'आपल्यातला', म्हणून त्याच्यासाठी नम्रतेची रूपं, नावापुढचं 'सान'ही गळतं. समोरच्या कंपनीचा कालचा पोरगा असला तरी त्याला आदर. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी अभियंत्याच्या तोंडात फोनवर स्वतःच्या साहेबाला 'सान' येतोच. नियम पाठ असतो, जीभ ऐकत नाही.

वर्गशिक्षिका

ओसाकाकरांशी सहमत. भर घालते: घरातही तेच. आपल्या वडिलांना बाहेरच्यांसमोर 'चिचि', दुसऱ्याच्या वडिलांना 'ओतोसान'. मराठी मुलांना 'चिचि' म्हणताना आपण वडिलांचा एकेरी उल्लेख करतोय असं वाटत राहतं. कोरियनमध्ये ही अडचण नाही, तिथे स्वतःच्या वडिलांबद्दल परक्याशी बोलतानाही आदराची रूपं चालतात, आपल्यासारखीच.

अर्धस्वर, तुझ्या मूळ मुद्द्यावर मात्र शिक्षिका म्हणून थोडं बोलते. पुण्यातला वर्ग तू पाहिला आहेस. बाकावर एक सातारचा, एक पाटण्याची, एक कोइमतूरचा, एक कोलकात्याची. मराठीतून शिकवायचं म्हटलं तर अर्धा वर्ग बाहेर. पुस्तकं जपानमध्ये छापली जातात, त्यांची स्पष्टीकरणं इंग्रजी, चिनी, व्हिएतनामी अशा मोठ्या बाजारांसाठी. इंग्रजी आम्ही हौसेने निवडलेली नाही.

अर्धस्वर

ताई, पटलं. पण बघा ना, पाटण्याची 'खाकर देखो' म्हणते, कोइमतूरचा 'साप्पिट्टु पार' म्हणतो, दोन्ही 'खाऊन बघ'च. कॉलिन मासिका यांचा नकाशा नेमका हेच सांगतो. त्या वर्गात ही रचना नसलेली भाषा एकच आहे, आणि फळ्यावर तीच. नियम इंग्रजीत लिहा हवं तर, पण त्यानंतर दोन मिनिटं 'आता हे आपापल्या घरच्या भाषेत म्हणून बघा' इतकं म्हटलं तरी पुरे.

कांजीबद्दल ओसाकाकरांचं खरं आहे. तिथे मला मराठीने नाही, भाषाविज्ञानाने तारलं. ते चिनी वळणाचे उच्चार एकटे पाठ केले तर नुसती हमाली. शेजारच्या भाषा ओळीत मांडल्या की नियम दिसायला लागतात. 'शिकणं' याचं चिन्ह: मँडरिन श्वे, कँटोनीज होक, कोरियन हाक, जपानी गाकु. 'देश' याचं: क्वो, क्वोक, कुक, कोकु. म्हणजे जुन्या चिनीत शेवटी 'क्' होता, उत्तरेतल्या मँडरिनने तो गाळला, दक्षिणेत टिकला, कोरियन-जपानीने उसना घेऊन जपला. जपानीला हलन्त 'क्' बोलवत नाही म्हणून त्याला 'उ'चं शेपूट. एकदा हे दिसलं की कोरियन शब्दावरून जपानी उच्चाराचा अंदाज बांधता येतो, आणि तो बहुतेकदा बरोबर निघतो. माझ्या एम.ए.ची सगळी मजा या एका तक्त्यात आहे.

अग्निहोत्र

इतके वळसे कशाला? जपानी वर्णमाला 'अ इ उ ए ओ, का सा ता ना' अशी आहे, ती आपल्याच वर्णमालेवरून घेतलेली. जपानी देवळांत आजही संस्कृत बीजाक्षरं लिहितात. मूळ सगळं संस्कृतच आहे हे पाश्चात्त्य भाषावैज्ञानिक मान्य करणार नाहीत, इतकंच.

अर्धस्वर

तुमचं पहिलं वाक्य अगदी खरं आहे आणि पाश्चात्त्य, जपानी सगळे ते मान्य करतात. शिंगोन या बौद्ध पंथाच्या भिक्षूंनी सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास केला, तिच्याबरोबर संस्कृत वर्णक्रम जपानमध्ये गेला, आणि त्यावरून काना, म्हणजे जपानी उच्चारानुसारी अक्षरांची मांडणी बेतली गेली. स्मशानातल्या लाकडी फळ्यांवर आजही सिद्धम् अक्षरं असतात. पण वर्णक्रम उसना घेणं आणि भाषा जन्माला येणं यात फरक आहे. मराठी आपण मोडीत लिहिली, देवनागरीत लिहिली, गोव्यातल्या फादर स्टीफन्सने रोमनमध्ये लिहिली, म्हणून ती काही लॅटिनची लेक झाली नाही.

खरी गंमत त्या क्रमातच दडलीय. स्वर झाल्यावर ओळी अशा: का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. आपला क्रम शेजारी ठेवा. 'क' कंठ्य, बरोबर. पुढे आपल्याकडे 'च', तिथे 'सा'. ट-वर्ग त्यांना नाही. 'ता' आणि त्याचं अनुनासिक 'ना'. मग आपल्याकडे 'प' आणि त्याचं अनुनासिक 'म'. त्यांच्याकडे 'मा' आहे, पण 'प'च्या जागी 'हा' बसलाय. ओठांच्या जागेवर घशातला 'ह' काय करतोय? तर तो मांडणी करणाऱ्यांच्या काळी 'ह' नव्हताच. जुन्या जपानीत तो 'प' होता, मग दोन ओठांतून फुंकर मारल्यासारखा 'फ' झाला, आणि पुढे 'ह'. आजही 'हा' अक्षराला दोन टिंबं दिली की 'गा', 'दा'च्या न्यायाने 'बा' होतो, आणि जपानच्या नावाची निहोन-निप्पोन ही दोन्ही रूपं चालतात. 'सा' पण तेव्हा 'च'च्या जवळपास असावा असं बरेच अभ्यासक मानतात. आपली वर्णमाला लहानपणी घोकलेली असल्याने वर्गात ही विसंगती मराठी, कानडी मुलांना पहिल्या झटक्यात दिसते.

संस्कृतची दुसरी मदत चिनीत. भिक्षूंनी संस्कृत नावं चिनी चिन्हांत उच्चारानुसार लिहिली. संस्कृत उच्चार आपल्याला ठाऊक, त्यावरून त्या काळच्या चिनी उच्चाराचा माग काढता येतो. 'बुद्ध' या नावाच्या पहिल्या चिन्हाचा मँडरिन उच्चार आज 'फो', जपानी 'बुत्सु', कोरियन 'पुल', कँटोनीज 'फात'. यांना मागे नेलं की 'बुत्'च्या आसपास पोचतो. फर्ग्युसनमध्ये पाली शिकवणाऱ्या पु. वि. बापटांनी १९३७ मध्ये पुण्यात विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांची तुलना छापली. त्यातला विमुत्तिमग्ग पूर्ण रूपात चिनी भाषांतरातच उरलेला, म्हणून बापट चिनीतून वाचत होते. संस्कृत-पालीचा खरा उपयोग तो. (जपानीचं मूळ तमिळ म्हणणारे ओनो सुसुमु नावाचे मोठे जपानी अभ्यासकही होऊन गेले. त्यांचं मत बहुतेकांनी स्वीकारलं नाही, त्यामुळे फक्त संस्कृतवरच अन्याय होतोय असं समजू नका.)

अग्निहोत्र

'हा'चं माहीत नव्हतं. बाकी मतभेद कायम.

पणजीकर

त्या 'फ'चा पुरावा आमच्या वाटेने गेलाय, म्हणून मध्ये बोलतो. १५८२ मध्ये चार जपानी मुलं नागासाकीहून युरोपला निघाली, जेझुइट धर्मप्रचारकांबरोबर. जाताना आणि येताना दोन्ही वेळा गोव्यात थांबली. परतीच्या वाटेवर त्यांच्यातल्या हारा मार्तिनोने इथे लॅटिनमध्ये भाषण केलं, ते १५८८ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. १५९० मध्ये ही मंडळी जपानात पोचली ती छापखाना घेऊनच. त्या छापखान्यात जेझुइटांनी जपानी मजकूर रोमन अक्षरांत छापला. आज जिला 'हेइके'ची कथा म्हणतात तिच्यावर १५९२ मध्ये अमाकुसात 'फेइके' छापलंय, 'निहोन'चं 'निफोन' आणि 'हितो'चं 'फितो'. कानाने ऐकलेलं लिहिणारे परके लोक होते म्हणून हे कळलं. जपानी माणूस आपल्या अक्षरांत लिहीत राहिला असता तर अक्षर तेच, उच्चार बदललेला, कोणाला पत्ता लागला नसता.

याच काळात फादर स्टीफन्स साष्टीत बसून मराठी-कोकणी शिकत होते. १६१६ चं क्रिस्तपुराण त्याच पद्धतीने रोमनमध्ये. एकाच संस्थेची माणसं, एकीकडे कोकणीचं व्याकरण, दुसरीकडे जपानीचं. तुमच्या विद्यापीठात हे दोन्ही शेजारी ठेवून कोणी वाचतं का?

अर्धस्वर

दंडवत! नाही वाचत, निदान माझ्या माहितीत नाही. जपानीवाले पोर्तुगीजांचं सतराव्या शतकातलं जपानी व्याकरण वाचतात, मराठीवाले क्रिस्तपुराण वाचतात, आणि दोघांचे विभाग वेगळे. प्रबंधाचा विषय शोधणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

उलटी_गंगा

मी चिनीवाली. तुमचा धागा जपानी-कोरियनवाल्यांचा आहे, कारण व्याकरणाचा मुद्दा चिनीला लावला की तो कोसळतो. तिथे कर्ता-क्रियापद-कर्म, प्रत्यय नाहीत, '-ऊन' नाही. शब्दक्रमापुरती इंग्रजीच जवळची. सुरांच्या बाबतीत तर कोणाचीच मातृभाषा कामाची नाही, सगळे सारखेच बुडतात.

पण उच्चारात देवनागरी पिन्यिनच्या शंभर पावलं पुढे आहे, आणि हे वर्गात सांगत नाहीत ही माझीही तक्रार. पिन्यिन १९५८ ची रोमन पद्धत. तिच्यातले बी, डी, जी हे ब, द, ग नाहीतच, ते प, त, क आहेत. आणि पी, टी, के हे फ, थ, ख, ओठ मिटून म्हटलेला फ. मँडरिनमध्ये फरक अल्पप्राण-महाप्राणाचा आहे, जो आपल्याला पाळण्यापासून येतो आणि इंग्रजांना तोंडासमोर कागद धरून शिकावा लागतो. तरी आम्ही पोरं 'बेइजिंग' म्हणत बसतो. पेइचिंग म्हणा, चिनी माणूस लगेच मान डोलावेल. हिंदी पेपरात कधी 'शी चिनफिंग' छापतात त्याला लोक हसतात, पण ते 'जिनपिंग'पेक्षा बरोबर आहे. आपल्या जुन्या मराठी पेपरांतलं 'माओ त्से तुंग'सुद्धा आजच्या 'झेडोंग'पेक्षा बरं होतं! आणि तो 'त्से'तला 'त्स' म्हणजे चाकातला, चुलीतला च. हिंदीवाल्यांना तो नाही, आपल्याला आयता.

अजून एक आयतं. आपण आणि आम्ही. पेइचिंगच्या बोलीत 'त्सान्मन' म्हणजे आपण सगळे, ऐकणारा धरून. 'वोमन' बहुधा त्याला वगळून. इंग्रजीतून शिकणारे यावर परिच्छेद वाचतात.

अवांतर: चिनी शिकतेय म्हटल्यावर २०२० नंतर लोक जे चेहरे करतात ते बघवत नाहीत. त्या वर्षीच्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांची उदाहरणं देताना कोरियन, जपानी, थाई आहेत, मसुद्यातली चिनी अंतिम धोरणात गळाली. ज्याच्याशी भांडण आहे त्याची भाषा येणारी माणसं जास्त हवीत की कमी?

अर्धस्वर

+१, अवांतरालासुद्धा. फक्त एक दुरुस्ती: '-ऊन' नसलं तरी 'बघ' आहेच की. चाखून बघ याला 'छांग-छांग खान', आणि खान म्हणजे बघणं. तिन्ही भाषा एकमेकींशी असंबद्ध, तरी तिघी 'करून बघतात'. खाणंही तसंच. चिनीत नुकसान खातात, कष्ट खातात, आणि प्रेमात मत्सर वाटला तर व्हिनेगर खातात. आशियाभरच्या 'खाण्यां'वर परदेशी, पीटर हूक वगैरे मंडळींचा २००६ चा एक निबंधच आहे.

सोलची_वारी

कोरियनच्या उच्चारांवर पण लिही ना. हंगुल लिपी दोन दिवसांत आली पण ते तीन 'क' मला वेगळे ऐकूच येत नाहीत. एकच शब्द मला कधी 'क', कधी 'ग', कधी 'ख' वाटतो.

अर्धस्वर

तुझे कान बरोबर आहेत, खाने वेगळे आहेत. हंगुल राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, आणि तिच्यात 'क'चं चिन्ह म्हणजे मागून उचललेल्या जिभेची आकृती, 'म'चं म्हणजे मिटलेलं तोंड. त्या 'क'ला एक रेघ वाढवली की महाप्राण, चिन्ह दोनदा लिहिलं की कसलेला. कसलेला तो आपला 'क'. रेघवाला आपला 'ख'. तिसरा, साधा, तो आपल्याकडे नाही: शब्दाच्या सुरुवातीला 'ख'कडे झुकतो, दोन स्वरांमध्ये 'ग' होतो. 'प'चंही तसंच, म्हणून कोरियातल्या शहराचं नाव पुसान की बुसान हा वाद. मग 'ख'कडे झुकलेला साधा आणि खरा 'ख' ओळखायचा कसा? सोलची तरुण पिढी तो आता बराचसा सुराच्या उंचीवरून ओळखते, साधा खालच्या सुरात, महाप्राण वरच्या. श्वासाकडे लक्ष देऊ नकोस, पुढच्या स्वराची पट्टी ऐक. आपली महाप्राणाची सवय इथे आड येते, हा दगा माझ्या यादीत राहिला होता.

हिशेबनीस

सगळं छान. पण पोटापाण्याचं काय? भाषाविज्ञान करून नोकरी कुठे?

ओसाकाकर

भाषाविज्ञानाचं मला माहीत नाही. जपानीचं सांगतो: पुण्यात दुभाष्या आणि ब्रिज अभियंत्यांना (जपानी ग्राहक आणि इथले अभियंते यांच्यातला दुवा) मागणी आहे, जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन३ पातळी झाली की दार किलकिलं होतं, एन२ ला उघडतं. पण त्या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणं नाही, सगळे प्रश्न पर्यायांतून उत्तर निवडायचे. एन२ पास होऊन फोन उचलायला घाबरणारे मी मुलाखतीत बघतो. वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरला, परीक्षा होते आणि क्लास तिच्याभोवती फिरतात. अर्धस्वर यांनी इंग्रजीवर राग काढलाय, माझा राग परीक्षेवर जास्त आहे.

अर्धस्वर

हिशेबनीस, मी भाषांतर करून फी भरते, पुढे कोश किंवा वाक्संगणनाकडे (संगणकाकडून भाषा हाताळून घेणं) जायचा विचार आहे. सोन्याच्या विटा मिळणार नाहीत हे घरच्यांनाही ठाऊक आहे. ओसाकाकर, परीक्षेबद्दल वेगळा धागा काढा, मी येते भांडायला तुमच्या बाजूने.

वर्गशिक्षिका

परत आले, अहवाल द्यायला. परवा वर्गात देण्याघेण्याचा धडा होता, तर तुझी सूचना वापरली: आपापल्या घरच्या भाषेत म्हणा. 'ते मोराउ' तू म्हणालीस तसं झालं, मराठी मुलांनी 'करून घेतलं' म्हणून पटकन संपवलं. पण जपानीत 'देणं' दोन असतात ना, मी दुसऱ्याला देते तेव्हा 'आगेरु', दुसरा मला देतो तेव्हा 'कुरेरु'. तिथे मराठी, हिंदी, सगळे अडकले, कारण आपल्याकडे देणं एकच. आणि मागच्या बाकावरची केरळची मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, यात काय आहे, आमच्याकडे 'तरुक' आणि 'कोडुक्कुक' आहे. मला दिलं तर तरुक, तिसऱ्याला दिलं तर कोडुक्कुक. पुढचा अर्धा तास तिनेच शिकवलं.

अर्धस्वर

ताई, हे मला कसं सुचलं नाही! तिला एकच जागा जपायला सांगा. मी 'तुला' देते तेव्हाही मल्याळममध्ये 'तरुक'च येतं, जपानीत मात्र तिथे 'आगेरु'. तेवढा कोपरा सोडला तर तिचं जुळतं, आणि या धड्यापुरती मराठीही इंग्रजीच्याच बाकावर. तिची परवानगी असेल तर तिने दिलेली वाक्यं मला पाठवाल का? प्रबंधात मराठीचा रकाना आहे, शेजारी मल्याळमचा आखते.